दोनच सीटा? मग फायदा काय?

लोटस या मोटार कंपनीची ‘एलिस’ १९९६ साली आली तेव्हा तिचं वजन जेमतेम सव्वासातशे किलो होतं. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा वेल्डिंगऐवजी चक्क चिकटवलेला, छत छातीलाही न पोचणारं, आणि सीटा दोन. ही गाडी उज्जैनच्या देवास गेटला उभी करून बघा. पहिल्याच गतिरोधकावर पोट घासेल, ते सोडा. खरी पंचाईत सीटांची. इथल्या ई-रिक्षात कायद्याने चार प्रवासी बसतात. पण चालक ‘भिया, थोड़ा सरक लो’ म्हणत पाचवा भक्त बॅगेसकट कोंबतो आणि सहाव्याला स्वतःच्या सीटची कड देऊन महाकालकडे निघतो. दोन सीटांची गाडी ऐकून त्याला मालकाचीच काळजी वाटेल.

लोटसनेही धडा घेतला म्हणायचा. २०२१मध्ये एलिस बंद झाली आणि २०२३मध्ये कंपनी भारतात उतरली ती ‘एलेट्रे’ घेऊन. विजेवरची एसयूव्ही, वजन अडीच टनांच्या घरात, किंमत तेव्हा अडीच कोटींच्या वर. हलकेपणाचा ध्यास घेतलेल्या कॉलिन चॅपमन यांची ही कंपनी! हलकं आणि विजेवरचं वाहन हवंच असेल, तर देवास गेटला या. चालक म्हणतो, अजून एक जागा आहे.