हातांचं काय करायचं?

रिकम्बंट सायकलवर पाठीची सोय होते, पायांचीही होते. पंचाईत होते ती हातांची. साध्या सायकलवर छातीचा थोडा भार त्यांच्यावर असतो. इथे पाठ खुर्चीला टेकलेली, पाय पुढे पसरून पेडलवर, आणि हात बिचारे बेकार.

त्यांना कामाला लावण्याचे मुख्य पंथ दोन. पहिल्यात हँडल छातीसमोर येतं. कोपर दुमडून मुठी हनुवटीखाली आणल्या की त्या बैठकीला हौशी मंडळी ‘हॅमस्टर’ म्हणतात. वाऱ्याला अडवायला समोर कमी अंग उरतं, म्हणून वेगवाल्यांना ती प्रिय. वळताना हँडल गुडघ्यांना भेटतं, ते सोसायचं. दुसऱ्या पंथात हँडल खुर्चीखाली जातं आणि हात दोन्ही बाजूंना सैल सोडलेले. चालवणारा ओसरीवर टेकलेल्या पाटलासारखा दिसतो. माझं मत याच पंथाला. फक्त सायकल आडवी झाली की बोटं आधी जमिनीला लागतात, आणि पाटीलकी तिथेच संपते.

नवशिक्याची नागमोडी मात्र दोन्ही पंथांत सारखीच. उजवीकडे वळायचं तर दुचाकीचं चाक आधी किंचित डावीकडे जावं लागतं, तेव्हा ती उजवीकडे कलते. हे आपण नकळत करत आलेलो असतो. साध्या सायकलवर हळू जाताना कंबरेतून डोलून तोल सावरता येतो. इथे धड खुर्चीला चिकटलेलं, म्हणून सगळी जबाबदारी हँडलवर. मग घाबरलेला माणूस ते घट्ट आवळतो. आवळलेलं हँडल काही ऐकत नाही.

वेगाची शंका मात्र नको. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोरने शार्ल मोशेच्या ‘वेलोकार’ या रिकम्बंटवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा विक्रम मोडला. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अशा सायकली शर्यतींतून बाद केल्या, त्या १ एप्रिल १९३४ पासून. तारीख मी रचलेली नाही.

हातांचा प्रश्न मुळातूनच मिटवला तो फ्लेवोबाइक या डच मंडळींनी. त्यांच्या एका सायकलची फ्रेम खुर्चीखाली तिरक्या सांध्याने दुभंगलेली आहे. पुढचं चाक, पेडल, साखळी, सगळं पुढच्या भागात. तो भाग वळतो पायांनी आणि कंबरेने. हँडल असतं, पण ते धरायलाच हवं असं नाही. शिकायला चिकाटी लागते, कारण जे पाय पेडल मारतात त्यांनीच दिशाही दाखवायची. एकदा जमलं की लोक हात सोडून खुशाल जातात.

मला कुतूहल आहे ते सुटलेल्या हातांचं. कुणी ते छातीवर बांधतो, कुणी डोक्यामागे घेतो. एखादा समोरून येणाऱ्या प्रत्येकाला हात करत सुटतो, ओळख असो वा नसो.