पाणी आपल्या दारावरून

मराठवाड्याच्या दुष्काळाचा आम्हा भिवंडीकरांना नेहमीच हेवा वाटत आलाय. काय त्याचा थाट! २०१६ च्या एप्रिलात लातूरसाठी मिरजेहून पाण्याची रेल्वे सुटली, तिला ‘जलदूत’ असं नाव मिळालं, फलाटावर हारतुरे झाले. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर घालवले. आमच्या तालुक्यातल्या पाड्यांवर बायाबापड्या दर उन्हाळ्यात हंडे घेऊन उभ्या असतात, पण रेल्वे राहू द्या, धड फोटोग्राफरही फिरकत नाही. कारण भिवंडी ठाणे जिल्ह्यात, ठाणे कोकणात, आणि कोकण म्हटलं की पाणीच पाणी. वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसानंतर कुणाला तहान लागत असेल तर तो शुद्ध आगाऊपणा झाला.

पाऊस पडतो हे मात्र खरं. जुलैत कामवारी नदी तीनबत्तीच्या बाजारात भाजी घ्यायला येते, ईदगाहकडच्या घरांत न विचारता शिरते. तेव्हा आम्ही पाण्यातून सामान काढतो, आणि एप्रिलात तेच सामान बाजूला सारून पिंपांना जागा करतो. एका खोलीत दहा-बारा जण राहणाऱ्या यंत्रमाग कामगारांना विचारा, पाण्याचं पिंप हा खोलीतला सगळ्यात मानाचा भाडेकरू असतो. तो भाडं देत नाही, पण त्याला कुणी हलवत नाही.

तरी शहराचं बरं म्हणायचं. वऱ्हाळा तलाव आहे, ‘स्टेम’ या पाणीपुरवठा कंपनीचं पाणी आहे, मुंबई महापालिकेकडून घेतलेलं पाणी आहे. खरी मौज तालुक्यात आहे. तानसा धरण १८९२ चं, मोडकसागर १९५७ चं, मग भातसा. ही सगळी शेजारच्या शहापूरच्या अंगाने. भातसेचं पाणी पिसे इथे उचलतात आणि पांजरापूरला स्वच्छ करतात, ते आमच्या तालुक्यात. मुंबईला दिवसाला जवळजवळ चारशे कोटी लिटर पाणी लागतं. त्यातला मोठा वाटा आमच्या शेतांच्या बांधावरून, पाड्यांच्या अंगणावरून गुमान निघून जातो. पाईप तरी केवढाले! उंच माणूस आत टोपी न काढता चालत जाईल.

मे महिन्यात या पाईपांच्या कडेने एक चक्कर मारावी. एखाद्या जॉइंटमधून पिचकारी उडत असते. खाली हातभर डबकं आणि भोवती तालुक्यातली एकमेव हिरवळ. सकाळी पहिला मान माकडांचा, मग कावळ्यांचा, मग म्हशीचा. ती उठली की एक बाई वाटीने पाणी भरते, साडीचा पदर दुमडून हंड्याच्या तोंडावर धरते आणि गाळते. गाळ पदरात, पाणी हंड्यात. मग मुंबई पालिकेचे लोक दुरुस्तीला येतात आणि गळती थांबवतात. पाणी वाया जाता कामा नये, नाही का?

टँकर मिळत नाही असं नाही. आधी ग्रामपंचायतीचा ठराव, मग प्रस्ताव, मग अधिकाऱ्यांची संयुक्त पाहणी. विहीर कोरडी आहे असं बाईने सांगून चालत नाही, विहिरीत डोकावून साहेबाला तसं वाटावं लागतं. मंजुरी आली की टँकर येतो आणि त्याच कोरड्या विहिरीत पाणी ओततो. तळाच्या चिखलात ते कालवून झालं की बाया पोहरे सोडतात. हिशेब माणशी दिवसाला २० लिटरचा. शहरातल्या माणसासाठी निकष १३५ लिटरचा आहे, म्हणजे पाड्यावरचा माणूस जात्याच कमी मळतो हे शासनाने शास्त्रोक्त मान्य केलेलं दिसतं. मुंबईत जुन्या टाकीचा फ्लश दोनदा ओढला की पाड्यावरच्या एका माणसाचा दिवस संपला. शिवाय जलजीवन मिशन आहेच. २०१९ साली घोषणा झाली, २०२४ पर्यंत घरोघर नळ देऊ म्हणाले, आता २०२८ म्हणतात. जिथे नळ आलेत पण पाणी पोचलेलं नाही, तिथे त्यांना शेळी बांधतात. खांब मजबूत आहे.

आणि मुंबई आम्हाला विसरते असं म्हणणाऱ्यांनी २०२४ आठवावं. तलाव खाली गेले, पालिकेने ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात लावली, आणि ती ठाणे-भिवंडीला दिलेल्या पाण्यालाही लागू केली. धरणाच्या वाट्याला पंगतीबाहेर असलो तरी उपासाला आम्ही मुंबईच्या पाटाला पाट लावून बसलो होतो.

जमिनीने मात्र या सगळ्यातून धडा घेतला. पूर्वी ती पावसाचं पाणी पिऊन ठेवायची, आता तिने ती सवय सोडली. भातखाचरांत मुरूम पडला, ओहोळ बुजले, वर गोदामं उभी राहिली. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडा, मैलोगणती पत्र्याची छपरं. त्यांवरचं पाणी पन्हळीने गटारात आणि गटारातून खाडीत. पलीकडच्या विहिरी आटल्या तर त्यात गोदामांचा काय दोष? आत बाटलीबंद पाण्याची खोकीही रचलेली असतील, पण ती विहिरीत ओतायची नसतात. उरलेल्या शेताची वरची माती वीटभट्टीवाले नेतात आणि भाजायला दिवाळीनंतर पाड्यावरचं कातकरी कुटुंब नेतात. जमीन आणि माणूस दोन्ही एकाच भट्टीत. पाड्यावरची पाण्याची मागणी तेवढीच कमी होते.

राहता राहिली जनावरं. शेजारच्या तानसा अभयारण्यात बिबटे आहेत, आणि २०१४ साली दुर्मिळ रानपिंगळाही तिथे सापडला. रानातल्या कृत्रिम पाणवठ्यात वनखातं उन्हाळ्यात पाणी टाकतं, त्यासाठी बिबट्याला ग्रामसभेचा ठराव करावा लागत नाही. पाणवठा आटला तर तो सरळ वस्तीकडे येतो आणि कुत्रं उचलतो. त्याची दखल मात्र त्याच दिवशी घेतली जाते, पिंजऱ्यासकट. पाड्यावरच्यांनी यातून काय शिकायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

पण यावरही तोडगा निघालाय. वाडा तालुक्यात ओगद्याजवळ गारगाई धरण बांधायची तयारी आहे. त्यात सहा गावं आणि अभयारण्याचं रान पाण्याखाली जाईल, म्हणजे तिथल्या जनावरांची पाण्याची ओरड कायमची मिटली. दिवसाला ४४ कोटी लिटर पाणी बोगद्याने मोडकसागरात येईल आणि तिथून मुंबईला जाईल, अर्थातच आपल्या दारावरून. वाटेतल्या पाड्यांनी तेव्हा उगाच हंडे घेऊन आडवं येऊ नये. ग्रामसभेचा ठराव आताच करून ठेवावा, टँकर मंजूर व्हायला वेळ लागतो.