२७ सेंटीमीटरचे बूट

"अहो वहिनी, तुमच्या गॅलरीत ते काळे बूट कुणाचे? मला वाटलं, घरात कुणी पोलिसभरतीला निघालंय."

"धाकट्या भावजींचे हो, विकायला काढलेत. चाकणच्या जपानी कंपनीत आहेत ना, ट्रेनिंगला टोकियोला पाठवलं होतं. बाकीच्यांनी चॉकलेटं आणली, यांनी बूट. तेही जुने!"

"परदेशात जाऊन जुने?"

"तिकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही म्हणे. शिमोकिताझावा म्हणून भाग आहे, गल्ल्याच्या गल्ल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांच्या. आपला मंगळवार पेठेतला जुना बाजारच, फक्त इस्त्री केलेला. बूट योहजी यामामोटोचे आहेत."

"हा कोण आता?"

"मोठा ड्रेस डिझायनर. वडील महायुद्धात गेले, आईनं कपडे शिवून वाढवलं. कायद्याची पदवी घेतली, तरी शिरला शिवणकामातच. १९८१ साली पॅरिसला गेला. तिथं सगळा झगमगाट, आणि याचं काळं नि ढगळ. आधी लोकांनी नाकं मुरडली, मग तीच फॅशन झाली. भावजी सांगत होते, मी मेथी निवडत ऐकत होते."

"मग एवढे भारी बूट विकायचे कशाला?"

"घालायचे कुठे? कोकणे चौकातल्या चिखलात? एकदा लग्नाला घातले, तर सगळं लक्ष मांडवाबाहेरच्या चपलांच्या ढिगाकडे. जिलबी तशीच राहिली ताटात. कपाटात ठेवावेत तर पावसाळ्यात बुरशी. सोल पीयूचा असला तर हवेतली ओल धरून न घालताच भुगा होतो. चौकातल्या बूट शिवणाऱ्या मामांना दाखवले. रबर आहे म्हणाले, काळजी नको."

"पण उन्हातनं काढा आधी, चामडं तडकेल! सासूबाई काय म्हणतात?"

"दुसऱ्याच्या पायातलं घरात आणलंत, शनी मागे लागेल! बोहारणीला जुन्या साड्या देऊन पातेली घेतो, तेव्हा कुणाचा शनी कुठे जातो, विचारा."

"गिऱ्हाईक आलं का?"

"मोबाइलवर टाकलेत. एक म्हणतो, पाचशेत फायनल करा. दुसरा म्हणे मिलिटरीत आहे, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील. म्हटलं, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो रे? ठेवला फोन. तिसऱ्याला आठ नंबर हवा. जपानी माप सेंटीमीटरमध्ये असतं, २७ म्हणजे आपला साधारण आठच. तरी पाय कागदावर ठेवून मोजायला सांगितलं."

"आणि त्या टाचेवरच्या ओरखड्याचं?"

"दिसला ना तुम्हाला इथनं? मग घेणाऱ्याला दिसणार नाही का? त्याचा फोटो मीच टाकायला लावला, सोलचाही. लपवलं की माणूस दारात येऊन भांडतो, आणि सोसायटीला आयता तमाशा."

"किंमत?"

"दहा हजार सांगितलेत, आठपर्यंत सोडू. तुमच्या भाच्याचा पाय मोजून बघा बरं. आणि यायचं तर शनिवार सोडून पाठवा, सासूबाई घरात असतात."