वळवळती रेघ

कुवेतमध्ये पत्ता सांगताना आधी इलाका सांगावा लागतो. नुसतं ‘ब्लॉक 1’ म्हटलं तर टॅक्सीवाला कीव आल्यासारखा बघतो, कारण ब्लॉक 1 रिग्गईत आहे, तसा सालमियातही आहे. इतकी वर्षं रिग्गईत राहून हे मला तोंडपाठ आहे. तरी संगणकाला मी नेमका तसलाच अर्धवट पत्ता दिला.

मोबाइलवर नोंदी ठेवणं मला कमीपणाचं वाटतं. मी टर्मिनलवाला. काळ्या खिडकीत दोन अक्षरं टंकली की नोंद झाली, अशी स्क्रिप्ट मी स्वतः लिहिली होती. नोंदी कायम एकाच फोल्डरात जाव्यात म्हणून शेलच्या, म्हणजे टंकलेली कमांड वाचून अमलात आणणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये पत्ता घातला: ~/नोंदी. 1976 सालच्या एडीएम-3ए टर्मिनलवर ही वळवळती रेघ आणि ‘होम’ एकाच बटणावर होते; तेव्हापासून युनिक्सच्या जगात ती घराची, म्हणजे आपल्या होम फोल्डरची, खूण. (ही माहिती मी जेवणाच्या टेबलावर बऱ्याचदा सांगितली आहे. मागितली कोणीच नव्हती.) आता पत्ता जरा नीटनेटका दिसावा म्हणून मी त्याला अवतरणचिन्हं घातली.

अवतरणातल्या रेघेला शेल हात लावत नाही. मग मी ज्या फोल्डरात उभा असेन तिथे स्क्रिप्ट ‘~’ नावाचा खराखुरा फोल्डर काढायची आणि त्यात नोंद टाकायची. डाउनलोड्समध्ये एक, ऑफिसच्या कामात एक, पेनड्राइव्हवरही एक. घरोघरी मातीच्या चुली.

हे उघडकीला आलं जुलैत, एसी बंद पडल्यावर. 2016 साली याच देशात मित्रिबाला पारा 53.9 अंशांवर गेला होता.

“अहो, खालच्या मजल्यावरच्या हारिसने दिलेला एसीवाल्याचा नंबर लिहून घेतला होतात ना?”

“नोंदीत आहे.”

“मग काढा.”

घाम पुसत शोधलं. सगळीकडच्या रेघा सापडल्या. नंबर सापडला, पण लगेच फोन करेन तर मी कसला! आधी शिस्त. सगळ्या नोंदी खऱ्याखुऱ्या होममध्ये एकत्र आणल्या, नावं लावली, तारखा लावल्या. मग उरलेले रिकामे ‘~’ फोल्डर उडवायला कमांड दिली: आरएम, उणे आरएफ, ~.

या वेळी अवतरणं घातली नाहीत.

शेलने रेघेचा अर्थ बरोब्बर लावला आणि घर पुसायला घेतलं. कंट्रोल-सी दाबेपर्यंत नोंदी गेल्या, लग्नाचे फोटो गेले, नंबर तर गेलाच. बायको काही न बोलता खाली हारिसकडे गेली.

वाचला तो पेनड्राइव्ह, तोही ड्रॉवरात विसरला होता म्हणून. त्यातल्या रेघेत एकच नोंद होती, मार्चमधली: ‘नोंदी सापडत नाहीत. कुठे जातायत ते बघणे.’