पंचेचाळीस फुटी बिऱ्हाड

जुनी बस घ्यावी की नाही, हे एस.टी.तल्या माणसाला विचारतात यात नवल नाही. नवल एवढंच, की बस अमेरिकेत होती आणि घेणार होते आमचे भाऊजी.

चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करून फिनिक्सला निवृत्त झालेला हा माणूस. घरच्या मोटारीपेक्षा मोठं वाहन त्यांनी जन्मात चालवलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे बदलतात, नर्मदा परिक्रमेची चौकशी करतात. भाऊजींनी एक मोटरहोम शोधून काढलं. पंचेचाळीस फूट लांब, आत बेडरूम, दीड बाथरूम, कपडे धुवायचं यंत्र आणि चार टीव्ही. त्यातला चौथा गाडीच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे वाळवंटात खुर्ची टाकून बसलं तरी निसर्गाकडे बघायची सक्ती नको.

ताईनं मला फोन केला. "अनंता, दापोडीच्या वर्कशॉपात जन्मभर बसच बघितल्यास ना? जानेवारीत ये, ही एक बघ. माझं ऐकायचं ह्यांनी कधीच सोडून दिलंय."

अमेरिकेत मोटरहोमचे तीन वर्ग असतात, ए, बी आणि सी. लावणाऱ्यानं अक्षरं कशी लावली कोण जाणे; बी सगळ्यात लहान, म्हणजे व्हॅन, सी मधलं आणि ए म्हणजे थेट बस. भाऊजींची नजर ए वर्गातल्या मागे इंजिन असलेल्या डिझेल गाडीवर. तसली नवी घ्यायची तर पाच लाख डॉलर सहज जातात, आणि दुकानातून बाहेर पडताक्षणी तिची किंमत घसरायला लागते. म्हणून शहाणे लोक जुनी बघतात. त्यातही एक मेख आहे. या धंद्यातली मोनॅको, फ्लीटवूड, कंट्री कोच ही मोठी नावं २००९ च्या मंदीत दिवाळखोरीत गेली. त्याआधीच्या गाड्या दिसायला राजवाडा आणि किमतीला बऱ्या, पण एखादा सुटा भाग लागला की शोधाशोध. भाऊजींची गाडी २००७ ची होती. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. मालकाला अजून विकायची आहे.

ती उभी होती क्वार्टझाइटला. फिनिक्सहून आय-टेन हमरस्त्यानं पश्चिमेला साधारण सव्वाशे मैल. दोन्ही बाजूंना हात वर करून उभे असलेले साग्वारो निवडुंग, आणि रस्ता इतका सरळ की वळण येतं तेव्हा ड्रायव्हरला जागं करावं लागेल. क्वार्टझाइट एरवी काही हजार वस्तीचं धुळकट गाव. जानेवारीत मात्र उत्तरेकडची थंडी चुकवायला आलेली म्हातारी मंडळी तिथे लाखांच्या हिशेबात उतरतात. नजर पोचेल तिथवर गाड्याच गाड्या. सरकारी जमिनीवर चौदा दिवस फुकट राहता येतं. दहा लाखांच्या गाडीतून येऊन फुकटची जागा धरणारे करोडपती मी तिथेच पाहिले. एकदम पुण्यात असल्यासारखं वाटलं.

गावात एक दगडी पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट. खाली हाजी अली नावाचा गृहस्थ पुरलेला आहे. मुंबईकरांनी दचकू नये, हा वेगळा. १८५६ साली अमेरिकन लष्करानं वाळवंटात सामान वाहायला उंट आणवले आणि ते हाकायला हाजी अलीसारखी माणसं. उच्चार जमेना म्हणून सोल्जरांनी त्याचं 'हाय जॉली' करून टाकलं. उंटांनी काम चोख केलं, पण खेचरं त्यांना बघून बिथरायची आणि सैनिकांचं त्यांच्याशी पटेना. पुढे यादवी युद्ध सुरू झालं, उंटांना कुणी विचारेना, आणि १८६४ साली कॅलिफोर्नियात बेनिशियाला त्यांचा लिलाव झाला. मी भाऊजींना म्हटलं, "बघा, हौसेनं आणलेल्या वाहनाचं शेवटी काय होतं." ते म्हणाले, "उंटाला एसी नव्हता."

गाडीचा मालक सत्तरीतला, लालबुंद आणि अतिशय सज्जन. गाडीही लखलखीत, तपकिरी रंगावर सोनेरी लाटा. नंबरप्लेट मोंटानाची. मी विचारलं, तुम्ही तिकडचे का? तो हसून म्हणाला, मी कधी गेलोही नाही. त्या राज्यात विक्रीकर नाही, म्हणून तिथे कागदोपत्री एक कंपनी काढायची आणि गाडी तिच्या नावावर करायची. आपल्याकडे महागड्या मोटारींचं पुद्दुचेरी पासिंग असतं, तेच हे. परदेशात आल्यावर आपलं काही भेटलं की बरं वाटतं.

"एकोणीस वर्षांत फक्त अडतीस हजार मैल!" तो अभिमानानं म्हणाला. भाऊजींनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. माझ्या पोटात मात्र गोळा आला. अडतीस हजार मैल म्हणजे एकसष्ट हजार किलोमीटर. आमची लाल गाडी दिवसाला तीनशे किलोमीटर धरले तरी सात महिन्यांत तेवढी पळते. पळणारी गाडी बोलते, कुठे दुखतं ते सांगते. उभी गाडी गप्प बसून आतून कुजते. सील सुकतात, रबर तडकतं, जनरेटर महिन्याला भार टाकून चालवला नाही तर तोही रुसतो. डेपोत मागच्या भिंतीला लावून ठेवलेली गाडी रस्त्यावर काढायची म्हटली की आमचे फिटर आधी चहा मागवायचे.

मी टायरपाशी गेलो. नक्षी नव्यासारखी खोल. टायरच्या अंगावर एक लांबलचक क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नेमका तो क्रमांक आतल्या बाजूला आलेला. वाळूत उताणा होऊन मी गाडीखाली शिरलो आणि बोटानं धूळ पुसली. २३१३. म्हणजे २०१३ सालचा तेविसावा आठवडा. बाजूच्या रबरावर केसाएवढ्या भेगा. असल्या गाड्यांचे टायर झिजून जात नाहीत, म्हातारे होऊन जातात. सात वर्षांनंतर संशय धरायचा आणि दहानंतर कुणाचं ऐकायचं नाही. अशी आठ चाकं. मी खालूनच ओरडलो, "भाऊजी, किमतीतून आठ टायर वजा करा!" मालकाला मराठी येत नव्हतं, तरी त्याचा चेहरा पडला असं ताई नंतर म्हणाली.

मागचं झाकण उघडल्यावर मात्र मी विरघळलो. आत कमिन्स. कोथरूडला १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. आमच्या आळीतली निम्मी मुलं तिथे अप्रेंटिस होती. अॅरिझोनाच्या वाळवंटात ते नाव वाचलं आणि सहाशे अश्वशक्तीच्या त्या धुडाच्या पाठीवरून हात फिरवला. भाऊजींनी तेवढ्यात "म्हणजे घेऊ या ना?" म्हणून घेतलं. सासरच्या माणसाच्या भावना कधी वापरायच्या हे जावयाला बरोबर कळतं.

मायलेज विचारलं. गॅलनला सात-आठ मैल. मी मनात हिशेब केला. दहा लिटरला तीस-चौतीस किलोमीटर. आमच्याकडे एवढ्यावर ड्रायव्हरला डेपो मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं असतं. तेही चव्वेचाळीस प्रवासी घेऊन. इथे प्रवासी दोन आणि एक संधिवाताच्या उशीचं खोकं.

मग आत गेलो. मालकानं बटण दाबलं आणि दिवाणखान्याची भिंत सोफ्यासकट बाहेर सरकली. दुसऱ्या बटणावर स्वयंपाकघर रुंद झालं. तिसऱ्यावर बेडरूम अर्ध्यात करकरून थांबली. "थंडीमुळे," मालक म्हणाला. मी कपाटात डोकं घातलं. पुण्यातल्या पावसाळ्यात वाढलेल्या नाकाला ओल ओळखायला यंत्र लागत नाही. कोपऱ्यातल्या गालिच्यावर टाच रोवली तर खालचा प्लाय दबला. छपराचा सांधा कधीतरी उघडा पडलेला असणार. अॅरिझोनात पाऊस नाही हे खरं, पण गाडी आधी ओरेगनमध्ये होती आणि तिथे पावसाला दुसरं काम नाही. खरेदीदाराला घाबरवायचं तर इंजिन नव्हे, पाणी दाखवा. इंजिन दुरुस्त होतं. भिंतीत मुरलेलं पाणी कपाटं, जमीन, तारा सगळं घेऊन जातं.

ताईचं लक्ष वेगळीकडेच. "देव्हारा कुठे ठेवायचा?" टीव्हीखाली एक कप्पा निघाला. "त्याचं तोंड कुठे होतं?" भाऊजींनी होकायंत्र काढलं. "आत्ता उत्तरेला. पण गाडी वळवली की बदलतं." ताई म्हणाली, "म्हणजे देवानं रोज दिशा शोधायची?" मालकाच्या बायकोला विषय समजावून सांगितल्यावर तिनं सहज तोडगा दिला, की मुक्कामाला पोचल्यावर देवाचं तोंड पूर्वेला येईल अशी गाडी लावायची. पंचेचाळीस फुटांची गाडी देव्हाऱ्यासाठी फिरवणारी ती पहिलीच बाई असावी.

एवढ्यावर ताईचं समाधान नव्हतं. घर बघायचं म्हणजे स्वयंपाक करून बघायचा, असं तिचं मत. तिनं पर्समधून डब्या काढल्या, कढल्यात तेल तापवलं, मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरची पडली. पुढच्या क्षणाला छपरातलं धुराचं यंत्र जे किंचाळायला लागलं, की शेजारच्या चार गाड्यांतले कुत्रे एकदम उठले. मालक टॉवेल हलवत धावला. एवढ्या वर्षांत ते यंत्र वाजतं हे त्याला माहीतच नव्हतं. त्याची बायको खोकत खोकत विचारत होती, की हा वास छान आहे, कशाचा आहे? खिडक्या मात्र दोनच उघडत होत्या.

आता मैल्याची टाकी. लिहिणं भाग आहे, कारण विकणारे हा विषय शेवटी आणि हळू आवाजात काढतात. गाडीखाली दोन टाक्या असतात. एकीत आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी, दुसरीत ते. ती भरली की तळावर नेऊन, हातमोजे घालून, मांडीएवढा लवचीक पाइप जोडून स्वतःच्या हातानं रिकामी करायची. आधी ती, मग साध्या पाण्याची, म्हणजे पाइप धुऊन निघतो. भाऊजींनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं. ताई एवढंच म्हणाली, "आयुष्यभर ह्यांनी घरचा कचरा बाहेर नेला नाही."

शेवटी चालवून बघणं. इंजिन लागल्यावर ब्रेकच्या हवेचा काटा वर येईपर्यंत थांबायचं, हे भाऊजींना नवीन होतं; मी डोळे मिटून कान देत होतो, शेवटचा फुस्स ऐकला आणि स्वारगेटला असल्यासारखं वाटलं. पुढे जाणं जमलं. मागे घेताना पंचाईत. मालकानं सांगितलं, कॅमेरा आहे, शिवाय नवरा-बायकोनं कानाला लावायचे यंत्रसंच असतात, म्हणजे आरडाओरडा होत नाही. पण तोवर मी मागे जाऊन उभा राहिलो होतो आणि गाडीच्या पत्र्यावर थाप मारत सवयीनं सुरू झालो होतो, "येऊ द्या, येऊ द्या, डावी मारा, येऊ द्या... बऽऽस!" गाडी निवडुंगापासून वीतभर अंतरावर थांबली. आसपासच्या म्हाताऱ्यांनी खुर्च्यांत बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या.

परतताना ताईनं वही काढली. मालक १,३५,००० डॉलर म्हणत होता. रुपयांत कोटीच्या वर. "कोथरूडला टू बीएचके येईल," ती म्हणाली, "आणि तो जागचा हलणार नाही." त्यावर टायर, ओल, बॅटऱ्या, विमा. भाऊजींचा मुद्दा एकच, राष्ट्रीय उद्यानं बघायची आहेत. तेव्हा मी फोनवर नियम वाचून दाखवले. ग्रँड कॅनियनच्या मॅदर तळावर गाडी तीस फुटांपर्यंतच. ग्लेशियरच्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगरातल्या टप्प्यात एकवीस फुटांपुढे सोडतच नाहीत. म्हणजे मोठी गाडी बाहेर सिमेंटच्या तळावर ठेवायची आणि हिंडायला मागे बांधून आणलेली छोटी मोटार काढायची. छोटी मोटार भाऊजींकडे आहेच. तीही पैसे फिटलेली.

तरी ते डगमगले नव्हते. निर्णय शेवटी त्यांच्या सोसायटीनं घेतला. घरी पोचल्यावर त्यांनी घरमालक संघाची नियमावली उघडली. मोटरहोम दारात उभं करायला बंदी, मग ते कितीही लखलखीत असो. भाड्याच्या आवारात ठेवायचं तर दरमहा पैसे, आणि तिथे ती पुन्हा उभीच राहणार. अध्यक्षांना फोन करून सवलत मागितली. अध्यक्ष म्हणाले, एकाला दिली तर सगळे मागतील. हे वाक्य मी महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोसायटीच्या सभेत ऐकलं आहे.

भाऊजींनी गाडी घेतली नाही. फिनिक्सच्या जवळच मेसा आहे. भाड्यानं मोटरहोम देणाऱ्या क्रूझ अमेरिका कंपनीचं मुख्यालय तिथेच. मार्चमध्ये आठवड्यासाठी त्यांची पंचवीस फुटी गाडी ठरवली आहे. तपकिरी-सोनेरी गाडी अजून क्वार्टझाइटलाच उभी आहे. कुणाला हवी असेल तर जरूर बघा, मालक भला माणूस आहे. फक्त मैल कमी आहेत म्हणून खूश होऊ नका, देखभालीची वही मागा, टायर आतल्या बाजूनं वाचा आणि जाताना हिंग-मोहरी न्या. यंत्र वाजलं की दहा हजार डॉलर तरी तो कमी करेल.