उज्जैनकरांसाठी जहाज-निवड: प्राथमिक धडे

उज्जैनला समुद्र नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण पर्यटन कंपनीच्या रंगीत पत्रकात ते कुठेच छापलेलं नसतं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ४९० मीटर उंचावर. रामघाटावर क्षिप्रेत सोडलेला द्रोणातला दिवा चुकून तरलाच, तर चंबळ, यमुना, गंगा असा वळसा घेत बंगालच्या उपसागराला लागायचा. तोवर तुमची रजा संपलेली असेल. तेव्हा संध्याकाळच्या अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई गाठा, नाहीतर इंदूरहून विमान धरा, आणि मग काय ते जहाज.

कोणतं जहाज, इथूनच घरात मतभेद सुरू होतात. फ्रीगंजातल्या मराठी घरांमध्ये हल्ली दोन नावं फिरताना दिसतात: मुंबईहून सुटणारं कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ आणि सिंगापूरहून सुटणारं ‘जेंटिंग ड्रीम’. ज्यांचा आजवरचा जलप्रवास रामघाटावरून समोरच्या दत्त आखाड्यापर्यंतचा, आणि तोही नावाड्याशी भाव करून, अशांसाठी हे धडे आहेत. ज्यांचा चुलतभाऊ इंदूरला असतो आणि दोनदा सिंगापूरला जाऊन आला आहे, त्यांनी वाचायची गरज नाही. तो सगळं सांगेलच, न विचारता.

पायरी पहिली: माणसं मोजा

नवशिके आधी जहाज बघतात. तुम्ही आधी घर बघा. कोण कोण येणार हे दिवाणखान्यात ठरत नाही, ते स्वयंपाकघरात ठरतं, आणि बहुधा तुम्ही ऑफिसात असताना. आत्याला विचारलं नाही तर ती वर्षभर बोलणार नाही. विचारलं तर ती येईल. आजी ‘मी कशाला आता’ म्हणते तेव्हा तिचं नाव यादीत पक्कं धरावं. भाच्याचं बारावीचं वर्ष असतं, ते दर वर्षी कोणा ना कोणा भाच्याचं असतंच.

आता या यादीतल्या किती जणांकडे पासपोर्ट आहे ते मोजा. निम्मी तुलना इथेच संपते. ‘एम्प्रेस’ने मुंबई-गोवा-लक्षद्वीप फिरायचं तर सरकारी ओळखपत्र पुरतं, लक्षद्वीपला उतरायला परवाना लागतो, तो कोण काढणार हे बुकिंगच्याच वेळी विचारून घ्यावं. ‘ड्रीम’साठी सगळ्यांचे पासपोर्ट हवेत, सिंगापूरचा व्हिसा हवा, आणि तो एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. जहाज पेनांगला किंवा फुकेतला जाऊन परत सिंगापूरलाच येतं. म्हणजे तुम्ही त्या देशात दुसऱ्यांदा शिरता. हे जहाजावर बसल्यावर कळून उपयोग नसतो.

पायरी दुसरी: वयाला नाक मुरडू नका

‘एम्प्रेस’ १९९० सालचं आहे. फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत बांधलं गेलं, ‘नॉर्डिक एम्प्रेस’ नावाने रॉयल कॅरिबियन कंपनीकडे लागलं, पुढे नावं बदलली, मालक बदलले, आणि सप्टेंबर २०२१ पासून ते मुंबईच्या प्रवाशांना फिरवू लागलं. हे कळलं की घरातला सर्वांत धाकटा म्हणतो, “म्हणजे बाबांच्या लग्नाआधीचं?” त्याला सांगावं, जहाजाचा सांगाडा टिकाऊ असतो, आतलं सामान वेळोवेळी बदलतात. बाबांच्या बाबतीत दुसरं वाक्य लागू नाही.

‘जेंटिंग ड्रीम’ २०१६ चं, म्हणजे आपल्या गेल्या सिंहस्थाच्या वर्षातलं. आणि इथे उज्जैनकराने थोडं थांबावं, कारण हे जहाज आपल्यासारख्याच गावात जन्मलं आहे. जर्मनीतलं पापेनबुर्ग समुद्रावर नाही. एम्स नावाच्या नदीकाठी, किनाऱ्यापासून बरंच आत आहे. तिथल्या मायर गोदीत एवढाली जहाजं बांधतात आणि मग ती त्या चिंचोळ्या नदीतून मागच्या बाजूने, उलटी, हळूहळू समुद्राकडे नेतात. नदीला पाणी पुरत नाही म्हणून खाली बंधाऱ्याची दारं लावून पातळी वाढवावी लागते. आपल्याला यात नवल वाटायला नको. नर्मदेचं पाणी उपसून क्षिप्रेत सोडण्याची योजना २०१४ साली पुरी झाली आणि २०१६ च्या सिंहस्थात लाखो लोकांनी क्षिप्रेत जे स्नान केलं त्यात नर्मदेचा मोठा वाटा होता. त्यांनी पाणी अडवून जहाज बाहेर काढलं, आपण पाणी आणून माणसं आत उतरवली. कष्ट कोणाचे जास्त, हे मी सांगत नाही.

पायरी तिसरी: टन म्हणजे टन नव्हे

पत्रकात लिहिलेलं असतं: ‘एम्प्रेस’ ४८,५६३ टन, ‘ड्रीम’ १,५०,६९५ टन. मंडीत गव्हाची तोलाई बघितलेला माणूस हे वाचून गप्प होतो आणि एवढं लोखंड तरंगतं कसं या विचारात रात्र काढतो. झोपा. हे वजन नाही. जहाजाचं ‘ग्रॉस टनेज’ म्हणजे आतल्या बंदिस्त जागेचं माप. वजनाशी त्याचा संबंध नाही.

आता एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने भागाकार करा. टनेजला प्रवाशांनी भागायचं, एका खोलीत दोन माणसं धरून. ‘एम्प्रेस’मध्ये या हिशेबाने सुमारे १,६०० माणसं: उत्तर तीसच्या आसपास. ‘ड्रीम’मध्ये सुमारे ३,३५०: उत्तर पंचेचाळीस. आकडा जितका मोठा, तितकी माणशी जागा जास्त. हा भागाकार क्रूझवाले जगभर करतात, फक्त गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. म्हणजे जास्त माणसं असूनही मोठं जहाज मोकळं. पण यावर विसंबून लगेच पैसे भरू नका. सुट्ट्यांच्या दिवसांत एका खोलीत दोनाऐवजी चार झोपतात, चौघांतली दोन मुलं असतात, आणि मुलं एका जागी राहत नाहीत, त्यामुळे ती कोणत्याच भागाकारात बसत नाहीत.

पायरी चौथी: खोली

खोल्या साधारण चार जातींच्या: बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची आणि ‘सूट’. सर्वांत स्वस्त ती बिनखिडकीची. तिच्यात दिवा घालवला की स्वतःचा हात दिसत नाही. चार वाजता उठायची सवय असलेल्या आजीला तुम्ही अशा खोलीत ठेवलंत की ती अंधारात बसून विचारते, “झुंजुमुंजु झालं का रे?” आणि उत्तर द्यायला कोणाला तरी तीन मजले चढून वर जावं लागतं. आजीला खिडकी द्या. स्वतः अंधारात झोपा. तुम्हाला नाही तरी नऊशिवाय उठायचं नसतं.

पोट ढवळणाऱ्यांसाठी: खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची खोली मागा. जहाज पुढे-मागे डोलतं तेव्हा टोकं जास्त वरखाली होतात, मध्य कमी. दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात, ते डावं-उजवं डोलणं आवरतात. मोठं जहाज तुलनेने कमी हलतं, हे खरं. इंदूरचा भाऊ ‘आम्हाला तर कळलंसुद्धा नाही पाण्यावर आहोत’ असं अभिमानाने सांगतो. या वाक्याकडे आपण नंतर येऊ.

‘ड्रीम’वर ‘द पॅलेस’ नावाचा एक राखीव भाग आहे: तिथल्या सूटवाल्यांसाठी वेगळं उपाहारगृह, वेगळा पोहण्याचा तलाव, दिमतीला माणूस. बाकी प्रवाशांना तो दाराबाहेरून बघता येतो. महाकालच्या दर्शनाला रांगेत उभं राहून ‘शीघ्र दर्शन’वाल्यांकडे बघण्याचा ज्याला जन्माचा सराव आहे, त्याला याचा त्रास होणार नाही. झालाच तर पाहुणे भस्मआरतीचं बुकिंग मागतात तेव्हा आपण त्यांना काय सांगतो ते आठवावं.

पायरी पाचवी: खाणं आणि जे खाणं नाही ते

दोन्ही जहाजांवर शाकाहारी भारतीय जेवण मिळतं. ‘एम्प्रेस’वर प्रवासीच बहुतेक भारतीय, म्हणून जैन जेवणसुद्धा मिळतं आणि कोणी भुवया उंचावत नाही. पोहे मिळतील, पण त्यावर आपली शेव नसेल. पिशवी न फोडलेली शेव बहुधा नेऊ देतात. घरचं शिजवलेलं नेऊ देत नाहीत. आत्याचे लाडू कोणत्या वर्गात येतात यावर बॅलार्ड पिअरच्या तपासणीत वाद घालू नका. मागे हजार माणसं उभी असतात.

दारू हा नाजूक विषय. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन शहरात दारूची दुकानं बंद आहेत. काळभैरवाला मात्र तिचाच नैवेद्य. जहाजावर ‘पॅकेज’ विकतात: एकदा पैसे भरा, हवं तेवढं प्या. नवशिका मेहुणा ते घेतो आणि मग पैसे वसूल करण्यासाठी जी मेहनत करतो तिला सुट्टी म्हणता येत नाही. हे पॅकेज मूळ तिकिटात धरलेलं नसतं. बंदराचे कर, कर्मचाऱ्यांची बक्षिशी, इंटरनेट, बंदरावरच्या सहली, यांतलं तिकिटात काय आहे आणि काय नाही, हे दोन्हीकडून लेखी मागवा आणि मगच आकडे शेजारी मांडा. पत्रकावरचा मोठ्या टायपातला आकडा एका माणसाचा असतो, खोलीचा नव्हे. हे वाक्य मेहुण्याला दोनदा वाचून दाखवावं.

पायरी सहावी

पावसाळ्यात जाऊ नका. अरबी समुद्र तेव्हा कोणाचंच ऐकत नाही. ‘एम्प्रेस’सुद्धा पावसाळ्यात मुंबई सोडून चेन्नईला गेल्याचं झालं आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी बरं. पायरी संपली.

पायरी सातवी: मुंबईच्या नातेवाइकांसाठी तयारी

जाताना एक रात्र डोंबिवलीत काढावी लागते आणि तिथे कोणीतरी म्हणतंच, “उज्जैनवाले आणि जहाज?” उत्तर पाठ करून जा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, तीत उज्जैन ‘ओझेनी’ या नावाने आहे. इथून अकीक आणि मलमल भडोचला जाई आणि तिथून समुद्रापार. डोंबिवलीचा त्यात उल्लेख नाही. शिवाय जुन्या भारतीय ज्योतिषात रेखांशाची मोजणी उज्जैनच्या रेषेपासून होई. ग्रिनिचला तो मान जगाने १८८४ साली दिला. भर समुद्रात जहाज कुठे आहे हे ज्या शून्य रेषेवरून ठरतं, तशी एक रेषा आमच्या गावावरून जात असे, असं सांगावं आणि चहा मागावा.

यानंतरही कोणी हसलं, तर सुटण्यापूर्वीच्या कवायतीत त्याला मागे टाकता येतं. सगळ्यांना ठरलेल्या जागी जमवून लाइफजॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. ही कवायत सक्तीची आहे आणि तिला दांडी मारू नये. मुंबईकर तिथे वैतागतो. सिंहस्थात घाटावर तीन तास उभा राहिलेला उज्जैनकर तिथे शांत असतो, आणि आजी तर शेजारणीशी ओळख करून घेते.

आता निर्णय

माझं मत विचाराल तर ऐका. ‘ड्रीम’वर जलघसरगुंड्या आहेत, दोरावरच्या कसरती आहेत, नाटकघर आहे, दुकानं आहेत, ३३५ मीटर लांब जहाजात दिवसभर फिरलं तरी समुद्राकडे बघायची वेळ येत नाही. जिथे मुलं वयात आलेली आहेत आणि आईबापांशी बोलत नाहीत, त्या घराने डोळे मिटून हेच घ्यावं. पासपोर्ट असले तर.

बाकीच्यांनी ‘एम्प्रेस’. इंदूरचा भाऊ म्हणाला होता ना, की पाण्यावर आहोत हे कळलंच नाही? ते कळावं म्हणून तर आपण रात्रभर अवंतिकाने जातो. २११ मीटरच्या, थोड्या जुन्या, थोड्या डोलणाऱ्या जहाजावर ते कळतं. कठड्याशी उभं राहिलं की खाली पाणी कापलं जाताना दिसतं, वाऱ्याने चष्म्यावर मीठ बसतं, आणि आत्या पदर सावरत सगळ्यांना आत चला म्हणून ओरडते आणि स्वतः जात नाही.

हे सगळं घरी समजावून सांगा. कागदावर दोन रकाने आखा, भागाकार दाखवा, व्हिसा, खिडकी, मध्यावरची खोली, सगळं. मग आत्याला विचारा, काय म्हणतेस. ती चष्मा लावेल, दोन्ही रकाने नीट वाचेल आणि विचारेल, “एकादशी यांतल्या कुठल्या जहाजावर आहे?”

तारीख बघून ठेवा. आणि साबुदाणा मिळतो का, हे कंपनीला ईमेलवर विचारा; फोनवर विचारलंत तर पलीकडचा मुलगा ‘हो सर’ म्हणतो.