हिटरवाले तात्या

कोलकात्याजवळच्या न्यू टाउनच्या बहुतेक मोठ्या सोसायट्यांत आयटीतल्या मुलाकडे राहायला आलेले एखादे तरी मराठी वडील सापडतात. ते इको पार्कात फेऱ्या मारतात, ज्ञानेश्वरी वाचतात, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडतात. आमचे तात्याही हे सगळं करतात, पण सकाळी आठनंतर. तोपर्यंत ते निफाड तालुक्यात असतात.

देह चौदाव्या मजल्यावरच. गळ्यात मफलर, हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये पुतण्या. जानेवारीत इथे निफाडच्या जवळपास पन्नास मिनिटं आधी उजाडतं. या सवलतीचा तात्या पुरेपूर फायदा घेतात.

"अरे ऊठ, उन्हं आली!"

"तात्या, इथं मिट्ट काळोख आहे. दव गोठलंय."

दव गोठलं म्हटल्यावर तात्यांना द्राक्षांची चिंता वाटावी. त्यांना वाटते ती ट्रॅक्टरची. जुना बी-२७५. १९६३ साली महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी भागीदारीत कंपनी काढली, तिचं हे थोरलं अपत्य. त्याच्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही, आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात जातं. थंडीत तो कप्पा गार पडला की डिझेल पेटायचं नाव घेत नाही. म्हणून चार सिलिंडरना चार हिटर प्लग. पुढे डीआय, म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर सोडणारे ट्रॅक्टर आले आणि हिटरची गरजच सरली. आजची पोरं हिटर म्हटलं की बाथरूमकडे बघतात, हे तात्यांचं जुनं दुःख.

कोलकात्याची थंडी ते थंडीत धरत नाहीत. बारा-तेरा अंशांत माकडटोपी घालून बाजाराला निघालेली मंडळी बघून म्हणतात, "इथं माणसांचेच हिटर गेलेत."

फोनवरून यंत्र दुरुस्त करणाऱ्यांबद्दल माझं मत एरवी बरं नाही. पण तात्यांचं निदान चुकत नाही, ही पंचाईत. चारही प्लग दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले. एक तुटला की चौघेही संपावर. "स्विच हिटरवर धर. बल्बची एक वायर बॉडीला लाव, दुसरी पहिल्या प्लगच्या अलीकडच्या टोकाला. लागला? आता पलीकडच्या. लागला? चल पुढं." तिसऱ्या प्लगच्या अलीकडे बल्ब लागतो, पलीकडे विझतो. "धरला चोर!"

पुतण्या उत्साहाने म्हणतो, "थांबा, काढून बॅटरीवर डायरेक्ट लावून बघतो." यावर तात्या जे ओरडतात ते तळमजल्यापर्यंत जातं. एकेक प्लग पावणेदोन व्होल्टांच्या आतला, त्याला बारा दिले तर पापणी लवायच्या आत जळायचा.

काढणं हा वेगळा सोहळा. आधी उन्हं वर येऊ द्यायची, मग ट्रॅक्टर कालव्याच्या उतारावरून ढकलून चालू करायचा, कारण प्लग गरम इंजिनातून सुटतो. मग बंद करून ब्रशने भोवतालची माती झाडायची. प्लग निघाला की भोक उघडं, खडा आत गेला तर सिलिंडर गेला. मग पाना. "पाव फेरा सोड. आता थोडा आवळ. परत सोड." काजळीने टोक आत धरून बसलेलं असतं, हिसका दिला तर तुटून तिथेच राहतं. पुतण्या तिकडे पाना फिरवतो आणि तात्यांचं मनगट इथे फिरतं. हातात चहा असला तर तो बशीत, बशी नसली तर मुलाच्या लॅपटॉपजवळ.

मुलगा म्हणतो नवा ट्रॅक्टर घेऊ. तात्या ऐकू न आल्यासारखं करतात. त्यांना खरा श्रोता मिळाला तो गेटवरचा सुरक्षारक्षक. त्याचं घर राजारहाटच्या शेतकऱ्याचं. जिथे आज टॉवर आहेत तिथे भातखाचरं होती आणि त्याने पॉवर टिलर चालवलाय. त्याला मराठी येत नाही, तात्यांना बंगाली येत नाही. पण पाना कुठल्या बाजूला फिरायला हवा यावर दोघांचं एकमत आहे आणि तेवढ्यावर अर्धा-अर्धा तास जातो. तेवढ्यात दोन गाड्या गेटवर हॉर्न वाजवत उभ्या असतात.

न्यू टाउनला आलात आणि लिफ्टमध्ये मफलरवाल्या गृहस्थांनी "गावाकडं ट्रॅक्टर कोणता?" असं विचारलं, तर वेळ असेल तरच खरं सांगा. घाईत असाल तर "डीआय आहे" म्हणा. लगेच सोडतात.